रात्रपाळीचा गवई

माणूस निवृत्त झाला की त्याला रात्री झोप लागत नाही, असा घरातल्या नोकरदार मंडळींचा ठाम समज असतो. या समजाला माझ्याकडून कधीही दुजोरा मिळालेला नाही. तरीही सुनेची सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपली आणि घरात रात्रीच्या कामाची वाटणी झाली, तेव्हा निर्णय याच समजावर झाला. सुनेला सकाळी अंबरनाथहून लोकल धरायची असते. मुलाची फिरती पाळी. बायकोचे गुडघे. उरलो मी. "बाबा, तुम्ही तसेही जागेच असता," मुलगा म्हणाला. त्या वेळी मी जागा होतो हे खरं आहे. दुपारचे चार वाजले होते.

रात्रपाळी मला नवी नाही. इथल्याच एका कारखान्यात मी तीन पाळ्यांत नोकरी केली. पण तिथे रात्रपाळीला भत्ता होता, मध्यरात्रीनंतर चहा होता, सुपरवायझर कोपऱ्यात डुलकी काढत असे आणि सकाळी भोंगा झाला की दुसरा माणूस येऊन मशीन ताब्यात घेत असे. इथे सुपरवायझर सात महिन्यांची आहे आणि ती डुलकी काढत नाही, हीच मुळात तक्रार आहे. कामाचं स्वरूप मला एका वाक्यात समजावण्यात आलं. "काही नाही हो, नुसतं मांडीवर घ्यायचं आणि गाणं म्हणायचं." घरातल्या अवघड कामांची सुरुवात नेहमी "काही नाही हो"ने होते.

मी गाणारा माणूस नाही. गणपतीच्या आरतीतसुद्धा मी टाळ मागून घेतो, म्हणजे आवाज कुठून येतोय ते कोणाला कळत नाही. पण बाळाला सूर कळत नाही, माया कळते, असं बायकोचं म्हणणं. हे म्हणणं पहिल्या अंगाईच्या दुसऱ्या ओळीपर्यंत टिकलं. मग आतून आवाज आला, "अहो, जरा सुरात. शेजारी झोपलेत."

अंगाया आठवायला बसलो आणि एक गोष्ट लक्षात आली. आपण ज्याला झोपवण्याचं गाणं म्हणतो, ती बहुतेक वेळा मूल झोपत नसल्याची तक्रार असते. 1977 सालच्या 'बाळा गाऊ कशी अंगाई' या चित्रपटातलं सुमन कल्याणपूरांचं निंबोणीच्या झाडाचं गाणं घ्या. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्या त्यावर झोपल्या असं म्हणतात. नीट ऐकलं तर त्यात चंद्र झोपलेला आहे, फक्त ज्याच्यासाठी गाणं चाललंय ते पाडस तेवढं जागं आहे. आई त्याचं कारण विचारते आहे. चित्रपटाच्या नावातही प्रश्नच आहे. गोविंदाग्रजांच्या पाळण्यात तर प्रत्यक्ष शिवबा झोपत नाहीत आणि जिजाऊ त्यांची समजूत काढताहेत. जिथे जिजाऊंना अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या, तिथे आमच्यासारख्याची काय कथा.

हा प्रकार मराठीपुरताच असेल म्हणावं, तर तसंही नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये बाबिलोनची सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मातीची एक छोटी पाटी आहे. तिच्यावर कोरलेल्या मजकुराचा आशय असा, की बाळा, तू एवढा रडलास की घरातल्या देवाची झोपमोड झाली. जगातल्या सगळ्यात जुन्या अंगायांपैकी ही एक. म्हणजे माणूस लिहायला शिकला आणि त्याने हिशोब, कायदे आणि ही तक्रार, एवढं मातीत नोंदवून ठेवलं. चार हजार वर्षांत कारवाई झालेली नाही.

त्रावणकोरच्या दरबारात इरयिम्मन तम्पींनी 1813 साली जन्मलेल्या राजपुत्रासाठी मल्याळममध्ये एक अंगाई रचली. ती आजही केरळात घरोघर गातात. तो राजपुत्र म्हणजे पुढचे महाराज स्वाती तिरुनाळ. त्यांनी मोठेपणी शेकडो रचना केल्या, अनेक भाषांत केल्या, आणि गवई-कीर्तनकार दरबारी ठेवले. अंगाईचा परिणाम झाला हे कबूल आहे. पण तो मुलाला गाणं लागण्यात झाला. झोप लागल्याचा उल्लेख मला कुठे सापडला नाही. आमची नातही माझ्या गाण्याच्या वेळी मान वळवून तोंडाकडे टक लावून बघते. सुनेला हे फार कौतुकाचं वाटतं. "बाबा, तिला किती इंटरेस्ट आहे बघा!" झोपायच्या वेळी श्रोत्याला इंटरेस्ट निर्माण झाला, तर ते गायकाचं यश मानायचं की अपयश, हे कोणी सांगत नाही.

शेजारी सिंधी आंटी आहेत. मूळच्या उल्हासनगरच्या, कॅम्प चारच्या. त्यांच्या सासूबाई फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आल्या. तेव्हा तिथे लष्कराच्या छावणीच्या बराकीच होत्या, उल्हासनगर हे नाव 1949 साली मिळालं. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे नाहीतर साड्यांचे पडदे. त्यामुळे एक मूल रडलं की सगळ्या बराकीतली मुलं रडत, आणि एकीने लोली म्हटली की सगळ्यांची मुलं झोपत, असं आंटी सांगतात. लोली म्हणजे सिंधी अंगाई. हा हिशोब मला फार किफायतशीर वाटला. एका आवाजात पंधरा मुलं. आमच्याकडे एका मुलाला तीन आवाज लागतात आणि त्यातले दोन एकमेकांच्या चुका काढत असतात.

आंटी एका रात्री स्वतः आल्या, नातीला घेतलं आणि लोली सुरू केली. छान, सावकाश, तीन-चारच सुरांत फिरणारी. मी सोफ्यावर होतो. पुढचं मला नीट आठवत नाही. सकाळी बायकोने सांगितलं की दोन कडव्यांत माझं घोरणं सुरू झालं आणि त्या आवाजाने नात हसायला लागली.

लोलीवरून आंटींनी भगत कंवररामांची गोष्ट सांगितली. सिंधी घराघरांत त्यांचा फोटो असतो. सिंधचे हे संत गवई. 1939 साली रुक स्टेशनात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यांच्याविषयी आख्यायिका अशी, की एका आईने आपलं निष्प्राण बाळ कापडात गुंडाळून त्यांच्या हाती दिलं आणि याला लोली म्हणा एवढंच सांगितलं. भगत गायला लागले, गात राहिले आणि बाळ रडू लागलं. हे सांगताना आंटींचा आवाज कापतो, आणि ऐकताना मीही हात जोडतो. भक्तीच्या बाजूने या गोष्टीत काही कमी नाही. पण मांडीवर नुकतंच डोळे मिटलेलं मूल घेऊन बसलेल्या माणसाने त्या परंपरेतली लोली गावी की न गावी, हा प्रश्न व्यवहाराचा आहे. मी त्या रात्री गप्प बसून राहिलो.

मग यंत्रं आली. मुलाने उल्हासनगरच्या बाजारातून पाळण्याला टांगायचं एक खेळणं आणलं. चावी फिरवली की चार ससे गोल फिरतात आणि ब्राम्सची धून वाजते. योहानेस ब्राम्सने 1868 साली आपल्या एका मैत्रिणीला दुसरा मुलगा झाला म्हणून ती रचली. धून उत्तम आहे. फक्त आमच्या खेळण्यात चावी संपत आली की ती हळू होत जाते, मग बेसूर होते, आणि अगदी शेवटी, मूल झोपण्याच्या बेतात असताना, कुठूनतरी एक बाई खणखणीत आवाजात "आय लव्ह यू!" म्हणते. ही बाई कोण, ती सशांत कुठे बसते, खेळणं उघडूनही कळलं नाही. तिचं प्रेम खरं असेल. वेळ चुकीची आहे.

खेळणं कपाटावर गेलं आणि फोन खाली आला. फोनवर दहा तासांची अंगाई मिळते. दहा तास कोणतं मूल झोपतं हे मला बघायचं आहे, पण ते असो. सून म्हणाली, कोणत्याही भाषेतली लावा, चालतं. हार्वर्डच्या मंडळींनी तपासलंय. अमेरिकेतल्या लहान मुलांना त्यांनी कधी न ऐकलेल्या परक्या भाषांतल्या अंगाया ऐकवल्या, तर इतर गाण्यांपेक्षा त्यांवर मुलांच्या हृदयाचे ठोके जास्त शांत झाले. मग आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या हॉलमध्ये जगभरातल्या आया रात्री दोन वाजता गाऊ लागल्या. जपानी झाली. रशियन झाली. शब्द कळत नव्हते, पण प्रत्येकीचा सूर ओळखीचा होता. सगळ्या तेच विचारत होत्या.

आणि प्रत्येक वेळी, डोळे मिटले, मूठ सैल झाली, श्वास लांबला, की जाहिरात. रशियन आई मध्येच थांबते आणि एक उत्साही पुरुष ओरडतो, की बदलापूरमध्ये स्टेशनपासून फक्त पाच मिनिटांवर टू बीएचके. मूल दचकून उठतं. मीही. पाच मिनिटं कशाने, हे तो कधी सांगत नाही. बदलापुरात माझं व्याह्यांकडे येणं-जाणं आहे, त्यामुळे मला कल्पना आहे. ही जाहिरात पहाटे तीन वाजता कोणासाठी लावतात, असा प्रश्न मी मुलाला विचारला. तो म्हणाला, "जागे असतात त्यांच्यासाठी." पैसे भरले की जाहिरात येत नाही म्हणे. म्हणजे मुलाच्या झोपेचा हप्ता. कर्ज फिटलं म्हणून सुटकेचा श्वास टाकलेल्या माणसाला हे पचत नाही.

संशोधनाचं सुनेला भारी वेड. 2014 साली बाळांना झोपवायची आवाजाची चौदा यंत्रं तपासली, तर पूर्ण आवाजात ती सगळीच रुग्णालयातल्या नवजात कक्षासाठी सांगितलेल्या 50 डेसिबलच्या वर गेली. तीन तर 85च्याही वर. तेव्हापासून सल्ला असा, की आवाज कमी ठेवा आणि यंत्र बाळापासून दोन मीटर लांब. मी टेप घेऊन मोजलं. आमच्या खोलीत पाळण्यापासून दोन मीटर म्हणजे भिंतीपलीकडे आंटींच्या देवघरात. त्यांची हरकत नव्हती. पण मग ती अंगाई ऐकून त्यांचे यजमान झोपले असते आणि आमच्या घरी काहीच बदललं नसतं.

दुसरं संशोधन जपानचं, 2022चं. रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन पाच मिनिटं चालायचं, थांबायचं नाही, मग पाच ते आठ मिनिटं घेऊन बसायचं, आणि मगच खाली ठेवायचं. यात गाणं नाही, म्हणून मला ते आवडलं. पण सलग पाच मिनिटं सरळ चालायला जपानी घरं किती लांब असतात देव जाणे. आमच्याकडे खिडकीपासून बेसिनपर्यंत जेमतेम वेग येतो आणि वळावं लागतं, वळताना नातीचा हात कॅलेंडरला लागतो, कॅलेंडर खिळ्यावरून निसटतं. तरी चाललो. ती झोपली, मी बसलो, सात मिनिटं घड्याळ बघत काढली. खाली ठेवताना माझा गुडघा कटकन वाजला. गुडघ्यांवरचा हक्क या घरात बायकोचा आहे, त्यामुळे मी बोललो नाही. नात मात्र बोलली.

आता इथल्या आवाजांबद्दल, म्हणजे मी ज्या तक्रारीपासून सुरुवात करायला हवी होती ती. आमच्या इमारतीमागून पुण्याची लाइन जाते. रात्री लोकल संपल्या तरी मालगाड्या असतात, सोलापूरची सिद्धेश्वर असते, हॉर्न असतो, भिंती थरथरतात, कपाटातल्या वाट्या किणकिणतात. नात ढिम्म. खालच्या गल्लीत एकजण घरातच जीन्स शिवण्याचं काम घेतो. सीझन असला की मशीन पहाटेपर्यंत चालतं. नातीला ते मशीन इतकं मानवतं, की ते बंद पडलं की ती डोळे उघडून भिंतीकडे बघते. आणि मी पायातली चप्पल काढली, नुसती काढली, तर ताडकन उठून बसते.

बदलापूरला तिच्या आजोळी गेलो होतो तेव्हा तर कळसच झाला. शेजारच्या आळीत आगरी लग्न होतं आणि त्या रात्री हळद. या भागात लग्नाला कोणी नाही गेलं तर एकवेळ चालतं, हळदीला न जाणं म्हणजे वैर. बेंजो, ताशे, वर डीजे. खिडकीच्या काचा गाण्याच्या ठेक्यावर हलत होत्या. विहीणबाई म्हणाल्या, "आता पोरीचं काही खरं नाही." पोर पाळण्यात पालथी पडून अशी झोपली होती, की शेजारपाजारच्या बायका कौतुकाने बघायला आल्या. मी पलीकडच्या खोलीत उशी डोक्यावर घेऊन तिचं कौतुक ऐकत होतो.

आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे, सन 2000चा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. त्या रात्री दहाला पोलीस आले, अतिशय सभ्यपणे बोलले, मंडळींनी डीजे बंद केला. कायद्याचं पालन झालं. आणि शांतता पसरताच आमची नात उठली. तिचा आवाज जवळून मोजला तर शंभर डेसिबलच्या घरात जाईल, पण तिला लाउडस्पीकर लागत नसल्यामुळे नियम लागू नाही. हळदीतले पाहुणे खालून वर बघू लागले. डीजे आपण बंद केला ते बरं झालं, अशी त्यांची चर्चा झाल्याचं मी नंतर ऐकलं.

याचं कारणही सुनेने शोधून ठेवलेलं होतं. 1990 साली इंग्लंडमध्ये नुकत्याच जन्मलेल्या मुलांवर प्रयोग झाला. एकसारखा घूं आवाज लावला तर वीसपैकी सोळा मुलं पाच मिनिटांत झोपली. आवाज न लावलेल्या वीसपैकी पाच. आईच्या पोटात रक्ताची सळसळ आणि हृदयाची धडधड चोवीस तास चालू असते, मुलाला शांततेची सवयच नसते. त्याला हवा असतो न बदलणारा, न थांबणारा आवाज. त्यात चढ-उतार नकोत, भावना नकोत, कडवं संपून धृपद नको. थोडक्यात, गाणं नको. हे मला पहिल्या रात्री सांगितलं असतं तर मी इतक्या भाषांतल्या आयांना त्रास दिला नसता.

उपाय शेवटी सुनेमुळेच सापडला, म्हणजे तिच्या नकळत. संध्याकाळी नात दाराकडे बघून कुरकुरायला लागली की मी तिला आई कुठवर आली ते सांगत असे. आई आता मशीदला. आता सँडहर्स्ट रोड. भायखळा. चिंचपोकळी. करी रोड. ही सवय एकदा रात्रीही लागली. गाणी संपली होती, फोन चार्जिंगला होता, मी स्टेशनं म्हणायला लागलो. सुराशिवाय, एका पट्टीत, फलाटावरच्या अनाउन्समेंटसारखं. परळ, दादर, माटुंगा, शीव. घाटकोपरला तिच्या पापण्या जड झाल्या. कांजूरमार्गला हात खाली गेला. ठाण्याच्या खाडीपूर्वीच ती गेली.

काही अटी आहेत. गाडी धीमीच लागते. घाईत होतो तेव्हा एकदा फास्ट सोडून पाहिली, दादरवरून थेट कुर्ला, तर कल्याणला ती डोळे टक्क उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती. नाहूर विसरलं तर चालत नाही. आणि मूल ठाण्याला झोपलं म्हणून ठाण्याला थांबता येत नाही. आवाज थांबला की ती उठते, हे बदलापूरच्या हळदीने शिकवलेलं आहे. त्यामुळे कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर करत कर्जतपर्यंत जावंच लागतं. वांगणीनंतर माझाच आवाज घोगरा होतो. शेलू-नेरळ दरम्यान मी स्वतः एक-दोनदा झोपलो आहे, पण भिवपुरी रोडला जाग येते. बायको म्हणते, याला गाणं म्हणत नाहीत. ते बरोबर आहे, म्हणूनच चालतंय.

पण या घरात काहीच विनातक्रार चालत नाही. दोन दिवसांपूर्वी सून नाष्ट्याला बसली ती डोळे लाल करून. तिच्या म्हणण्याप्रमाणे, आठ तास ऑफिस आणि येऊन-जाऊन तीन तास लोकल केल्यावर तिला घरी तरी ती स्टेशनं ऐकायची नाहीत. मुख्य म्हणजे, आतल्या खोलीत तिला माझा आवाज जातो. विठ्ठलवाडीपर्यंत ती झोपेत असते. उल्हासनगर आलं की कूस बदलते. आणि मी अंबरनाथ म्हटलं की ती उठून पलंगावर बसते आणि अंधारात पर्स चाचपायला लागते.

अंबरनाथ गाळून पाहिलं, तर नात उठली. म्हणताना आवाज अगदी बारीक केला, तर दोघी उठल्या. सध्या मी अंबरनाथच्या जागी चिखलोली म्हणतो. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये ते नवं स्टेशन मंजूर आहे, काम चालू आहे. अजून तिथे गाडी थांबत नसल्यामुळे त्या नावाला उतरायची सवय कोणालाच नाही, आणि दोघीही झोपून राहतात. स्टेशन सुरू झालं तर सुनेच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं घर तिथून जवळ पडणार आहे म्हणे. सून सारखी चौकशी करते, कधी होणार, कधी होणार. मला काही घाई नाही.